पेलेट, टार्गेट कार्ड आणि किरकोळ सामान: सोलापुरात थोडं थोडं कसं घ्यावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एअर रायफल नाहीतर एअर पिस्तूल (हवेच्या दाबाने पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, सोडणारी) चालवणारे आम्ही सोलापुरात मोजकेच. त्यामुळे सामान घ्यायचं म्हटलं की अडचण ठरलेली: लागतं मूठभर आणि विकणारा देतो पोतंभर. गेली काही वर्षं आमच्या गटाची एकत्र ऑर्डर मी लावतो, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतात. ज्याने जसे विचारले तसेच ठेवलेत. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे आकडा दिलाय.

१. गड्ड्यात फुगे फोडायला देतात तेच छर्रे ना? मग तेच घेऊ की, स्वस्तात.

आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिली बंदूक होम मैदानावर, गड्ड्याच्या जत्रेतच खांद्याला लावली, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र नाही असं आहे. फुग्याच्या स्टॉलवरच्या बंदुकीला छर्रा नळीतून बाहेर पडला की झालं. तळहाताएवढा फुगा तीन-चार मीटरवरून फोडायला अचूकता लागत नाही. मॅच रायफलच्या, म्हणजे स्पर्धेच्या रायफलच्या, नळीत आतून पीळ (वळणदार खाचा) असतो. पेलेटचं डोकं त्या पिळावर नेमकं बसावं लागतं आणि मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करावी लागते. स्वस्तातल्या छऱ्यांचा स्कर्ट बऱ्याचदा डबीतच चेपलेला असतो आणि कडेला शिशाची कुसळं असतात.

आणखी एक. गोल स्टीलचे छर्रे, ज्यांना बीबी म्हणतात, ते पीळ असलेल्या नळीत कधीही घालू नका. स्टील शिशासारखं दबत नाही, नळीचा पीळ घासला जातो. ते नुकसान दुरुस्त होत नाही, नळीच बदलावी लागते.

२. याला परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचं छिद्र) आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर गनला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदम पाळल्या जायला हव्यात. दहा मीटर अंतराच्या स्पर्धेची मॅच रायफल साधारण ०.५३ ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने सोडते. हिशेब केला तर ताकद आठ ज्यूलच्या आसपास भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. ०.२२ बोअरची एअर गन मात्र कितीही साधी दिसली तरी बोअरच्या अटीतच अडकते.

विक्रेता ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत मागतो. द्या, वाद घालू नका. मूल अठराच्या आतलं असेल तर बिल आई-वडिलांच्या नावाने करा.

३. मुलीने नुकतंच सुरू केलंय. पहिली डबी कोणती घेऊ?

चपट्या डोक्याचे घ्या. कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात, गुण मोजताना भांडण होत नाही. टोकदार आणि घुमटाकार पेलेट दिसायला जास्त ‘अचूक’ वाटतात, पण ते दहा मीटरच्या कार्डासाठी नाहीत.

वजनाचं सांगायचं तर पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ते ०.४९ ग्रॅम आणि रायफलसाठी ०.५१ ते ०.५३ ग्रॅम. पहिले सहा महिने ब्रँडच्या नादी लागूच नका. मधल्या किमतीचे चपटे पेलेट पुरे आहेत. पिस्तुलाच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, त्यात साध्या पेलेटचा फरक बुडून जातो. रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तिथे पेलेटचा फरक दिसतो खरा, पण तो दिसायला आधी हात स्थिर हवा. एक ताई मला पहिल्याच महिन्यात विचारत होत्या की आरडब्ल्यूएसचे आर टेन घेऊ की एच अँड एनचे फिनाले मॅच. मी म्हटलं, ताई, आत्ता मुलीचे शॉट सात ते दहा असे पसरतायत, हे दोन्ही पेलेट एकाच भोकातून जाणारे आहेत, फरक कुणाला कळणार?

४. डबीवर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं ते काय?

डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४.४८ पासून ४.५२ पर्यंत सहसा मिळतात. प्रत्येक नळीला एखादं माप जास्त मानवतं आणि ते वापरून बघितल्याशिवाय कळत नाही. काही कंपन्या वेगवेगळ्या मापांचे थोडे थोडे पेलेट एकाच पाकिटात देतात. ते मिळालं तर घ्या, पैसे वसूल होतात. नाही मिळालं तर ४.५० पासून सुरुवात करा.

५. महिन्याला किती लागतील?

स्पर्धेत ६० शॉट मोजले जातात, आधीचे सरावाचे वीसेक धरले तर एका बैठकीला ८०. आठवड्यात तीन बैठका म्हणजे २४०. महिन्याला हजाराच्या आसपास, म्हणजे पाचशेच्या दोन डब्या.

हे पूर्ण वेळ करणाऱ्यांचं झालं. शाळा सांभाळून शनिवार-रविवार येणाऱ्या मुलाला एक डबी महिनाभर आरामात पुरते. शिवाय मॅच रायफलमध्ये पेलेट न घालता ट्रिगर दाबण्याची सोय असते, त्या कोऱ्या सरावाला खर्च शून्य. स्प्रिंगच्या एअर गनवर मात्र हे करू नका. पुढे पेलेट नसला की पिस्टन जाऊन थेट आपटतो.

६. मला शंभरच हवेत. पाचशेची डबी फोडून वाटून घेता येईल का?

येते, आम्ही तेच करतो. पण वाटण्याची एक रीत आहे, ती नाही पाळली तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला चेपलेला गाळ येतो.

मोजायचं बोटाने नाही, काट्यावर. आधी दहा पेलेट वजन करा, समजा ५.३ ग्रॅम भरले, तर शंभर म्हणजे ५३ ग्रॅम. सराफाकडे असतो तसला छोटा काटा पुरतो. डबीत हात घालून मूठ काढायची नाही. डबी मऊ कापडावर आडवी करून पेलेट हळूच घरंगळू द्यायचे. आम्ही जुनी सोलापुरी चादर चौपदरी घालतो. तिच्यावर पेलेट आवाजही करत नाही आणि उड्या मारून पलंगाखालीही जात नाही.

भरायचे कशात, यात मी एकदा चांगलाच शहाणा झालो. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या माप म्हणून छान वाटल्या, म्हणून एका पोराला शंभर पेलेट त्यात भरून दिले. दोन दिवसांनी त्याचा फोन: ‘काका, आज्जीने ती बाटली तिच्या औषधांच्या डब्यात ठेवली होती!’ कुणी तोंडात टाकलं नाही, हे नशीब. तेव्हापासून औषधाची, चटणीची, मुखवासाची कुठलीही बरणी बाद. चपटी, झाकणाची प्लॅस्टिकची डबी घ्यायची, तळाला आणि वर फोमचा तुकडा, म्हणजे खिशात हलली तरी स्कर्ट एकमेकांवर आपटत नाहीत. वर चिठ्ठी: कंपनी, डोक्याचा व्यास, लॉट नंबर, वाटल्याची तारीख, आणि ठळक अक्षरात ‘शिसं’.

लॉट नंबर का, ते पुढच्या प्रश्नात.

७. त्याच कंपनीची, त्याच मापाची दुसरी डबी घेतली तर ग्रुप, म्हणजे कार्डावर भोकं जवळजवळ पडणं, बिघडला. असं का?

लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी निघालेला माल, बदलला म्हणून. या सगळ्या खरेदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि दुकानात तुम्हाला ती कुणी सांगणार नाही.

पेलेट साच्यात दाबून काढतात. साचा झिजतो, मग बदलतात. शिशाची तार बदलते. डबीवर तीच कंपनी, तेच नाव, तेच ४.५० असतं, पण सहा महिन्यांपूर्वीचा पेलेट आणि आजचा पेलेट यांची आई वेगळी. तुमच्या नळीला एक लॉट असा लागू पडतो की दहा शॉट एका भोकात जातात, आणि दुसरा नाही लागू पडत. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्यात जातात, वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि आवडलेला लॉट वर्षाचा एकदम उचलतात.

आपल्याला कारखाना नाही. आपण काय करायचं? थोडं घेऊन बघायचं आणि मग त्याच लॉटचं जास्त घ्यायचं. आमच्या गटात तिघा-चौघांनी तीन वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी घेतली, सहाव्या प्रश्नात सांगितलं तसं शंभर-शंभर वाटून घेतलं, प्रत्येकाने आपापल्या रायफलवर झाडून बघितलं. ज्याला जो लॉट मानवला त्याने त्याच दिवशी विक्रेत्याला फोन केला: ‘हाच नंबर, किती डब्या शिल्लक आहेत?’ इथे उशीर केला की संपलं. तो लॉट परत तयार होत नाही.

म्हणून थोडं घेणं म्हणजे नेहमी थोडंच घेणं असं नाही. बघायला थोडं, ठरलं की सहा महिन्यांचं. बरेच जण नेमकं उलटं करतात. सवलत दिसली म्हणून अनोळखी लॉटच्या दहा डब्या आणतात आणि मग वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत बसतात.

८. लॉट तपासायचा कसा? माझ्याकडे रायफल आवळून धरणारा शिकंजा नाही.

शिकंजा असेल तर उत्तम. नसेल तर टेबल, पुढे वाळूची पिशवी, मागे दुसरी पिशवी. वाळू नको असेल तर तांदूळही चालतात, जीन्सच्या कापलेल्या पायात भरून दोन्ही टोकं शिवायची.

प्रत्येक लॉटचे दहा शॉट, एकाच कार्डावर, एकाच जागी. मग भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं सर्वात लांब अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. समजा ७.५ मिलिमीटर भरलं तर ग्रुप ३ मिलिमीटरचा, आणि तो चांगला आहे. बाहेरून दहा मिलिमीटरच्या पुढे गेलं तर तो लॉट सरावाला ठेवा, स्पर्धेला नको.

दोन गोष्टी हटकून चुकतात. लॉट बदलल्यावर पहिले पाच-सात शॉट मोजायचे नाहीत, नळीत आधीच्या पेलेटचं शिसं बसलेलं असतं. आणि एकाच दहाच्या ग्रुपवर निकाल लावायचा नाही. निदान तीन ग्रुप घ्या, मधे पाणी प्या.

९. प्रत्येक पेलेट वजन करून वेगळे काढावेत का?

परीक्षा संपलेल्या मुलाला सुट्टीत काम म्हणून छान आहे. बाजारातला ०.०१ ग्रॅमचा काटा यासाठी निरुपयोगी, कारण चांगल्या पेलेटमधला फरकच साधारण तेवढा असतो. ०.००१ ग्रॅम दाखवणारा हवा, आणि त्याला पंख्याचा वारासुद्धा चालत नाही. त्यापेक्षा प्रत्येक पेलेट उजेडात धरून स्कर्टची कड गोल आहे का बघा. वाकडा स्कर्ट काढून टाकला की निम्मं काम झालं.

१०. सोलापुरात मिळतं का, की पुण्यालाच जायचं?

साधं सामान चौकशी केली की इथेही सापडतं. मॅच पेलेटसाठी आणि निवडायला लॉट हवे असतील तर पुणे गाठावं लागतं. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे, राज्यभरातली मुलं स्पर्धेला तिथे येतात, त्यामुळे कोण काय वापरतंय ते एका फेरीत कळतं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, काम उरकायचं, त्याच गाडीने रात्री परत. आमच्यातलं कुणी ना कुणी महिन्या-दोन महिन्यांनी जातंच, त्याच्याबरोबर यादी द्या. पाचशे पेलेट म्हणजे डबी सोडून जेमतेम पाव किलोच्या वर वजन, कुणाला ओझं होत नाही.

कुरिअरने मागवलं तरी चालतं, पण एकेक डबी मागवली तर पाठवणावळीत चव जाते. पाच-सहा जणांची एकत्र ऑर्डर लावा.

११. परदेशी वेबसाइटवर निम्म्या किमतीत दिसतायत. मागवू का?

नको. एअर गनचे पेलेट कस्टमच्या दृष्टीने ९३व्या प्रकरणात येतात, म्हणजे शस्त्रं आणि दारूगोळ्याच्या प्रकरणात. एका डबीचं पाकीट तिथे अडकलं की ते सोडवायला कागद रंगवत बसावं लागतं. जो भारतात रीतसर आयात करतो त्याच्याकडूनच घ्या.

१२. डबी चेपून आली. परत करावी का?

बाहेरून थोडीशी चेपली असेल तर आधी उघडून बघा, पण उघडताना व्हिडिओ घ्या. मागे आमच्या सहा डब्यांच्या ऑर्डरमधली एक डबी कोपऱ्यातून पार आत गेली होती. वरून हात फिरवला तर पेलेट ठीक वाटले, तळाचे शंभर-सव्वाशे मात्र लंबगोल. विक्रेता म्हणाला, ‘साहेब, डबी फोडली की परत घेत नाही.’ फोडल्याशिवाय आतलं कळायचं कसं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आणि सहापैकी दोन डब्या वेगळ्याच लॉटच्या निघाल्या, फोनवर एकच लॉट सांगून. त्या दिवसापासून आमचा नियम: पैसे पाठवायच्या आधी लॉट नंबर दिसेल असा प्रत्येक डबीच्या तळाचा फोटो मागवायचा. जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. तो खराब लॉट आम्ही कोवळ्या पोरांना पवित्रा शिकवायला संपवला.

१३. टार्गेट कार्ड प्रेसमध्ये छापून घेतली तर?

सरावाला बिनधास्त. रायफलचं कार्ड ८० बाय ८० मिलिमीटर, त्यातला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. पिस्तुलाचं १७० बाय १७०, काळा ५९.५ मिलिमीटर. लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही प्रेसला ही मापं अवघड नाहीत. पण तीन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. कागद गुळगुळीत चकचकीत नको, नाहीतर दिव्याखाली काळा गोल चमकतो आणि साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या भोकातून, करडा दिसतो. कागद फार पातळ नको, भोकाच्या कडा फाटतात आणि नऊ की दहा यावर तंटा होतो. आणि तिसरी: संगणकावर ‘पानाला बसवा’ हे बटण दाबू नका म्हणावं. आम्ही पहिल्यांदा छापून घेतली तेव्हा काळा गोल २९ मिलिमीटरचा निघाला. पोरांचे गुण घसरले आणि आम्ही आठवडाभर त्यांनाच रागावत होतो.

पाचशे कार्ड छापली की दर पडतो, शंभर छापली तर नाही. म्हणून हीसुद्धा वाटूनच घ्या. स्पर्धेसाठी मात्र मान्यताप्राप्त कार्ड किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटच असतं, तिथे घरचं चालत नाही.

१४. रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा कुठे भरून मिळेल? पंक्चरवाल्याकडे?

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर फार तर दहा-बारा बार (बार म्हणजे दाबाचं माप) देतो, रायफलच्या सिलिंडरला सहसा २०० बार लागतात. एकट्यासाठी हातपंप पुरतो, पाण्याच्या हापशासारखा, पण दमवतो. मधेमधे थांबून पंपातलं पाणी बाहेर सोडा, नाहीतर ते सिलिंडरात जातं. चार-पाच जण असाल तर मोठं सिलिंडर भाड्याने किंवा वर्गणीने घेणं स्वस्त पडतं.

इथे एक गोष्ट ओरडून सांगतो. हॉस्पिटलच्या किंवा वेल्डिंगच्या ऑक्सिजन सिलिंडरमधून कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतला तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. ‘हवाच आहे की ती’ असं म्हणणारा भेटतो, त्याचं ऐकू नका.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. मॅच रायफलचे सिलिंडर बहुतेक कंपन्या दहा वर्षांपर्यंतच वापरायला सांगतात आणि स्पर्धेत मुदत संपलेलं सिलिंडर चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारायच्या आधी ती तारीख बघा. आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये भरलेलं सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार भरलेला दाब आतलं तापमान ६० अंशांवर गेलं तर २२० च्या पुढे जातो.

१५. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), ग्रीस, नळी पुसायचा फेल्ट, हे सगळं कंपनीचंच घ्यावं का?

फेल्टच्या गोळ्या ०.१७७ च्याच हव्यात, कंपनी कुठलीही. ग्रीस सिलिकॉनचं घ्या आणि तेही ओ-रिंगवर बोट फिरवण्याइतकंच. शिवणयंत्राचं तेल, थ्री-इन-वन, यंत्रमागाचं तेल हे काहीही हवेच्या बाजूला लावू नका. ओ-रिंगच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. एमआयडीसीच्या बाजूला हायड्रॉलिक सामानाच्या दुकानात मापाची रिंग दोन-चार रुपयांत मिळते आणि भरायच्या तोंडाला ती चालून जाते. पण २०० बार अडवून धरणाऱ्या आतल्या जागी कंपनीचीच.

१६. मूल पेलेट तोंडात धरतं. काही होतं का?

होतं. गड्ड्यातल्या स्टॉलवरचा माणूस चार छर्रे ओठात धरून एकेक भरताना मी लहानपणी डोळे विस्फारून बघायचो, आणि घरी येऊन तसंच करायचो. शिसं शरीरात साठतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, रेंजवर शेंगा खायच्या नाहीत, कपडे वेगळे धुवायचे. गरोदर बाईने पेलेट वाटायला बसू नये.

१७. जुन्या डबीतल्या पेलेटवर पांढरी पूड आलीय.

शिसं गंजलंय. दमट जागी ठेवलं की येते. ती पूड फुंकू नका, हाताने चोळू नका. पेलेट वापरूही नका, डबी बंद करून अठराव्या प्रश्नात सांगितलंय तिथे द्या. आपल्याकडची हवा कोरडी, तरी पावसाळ्यात कपाटातच ठेवा, गच्चीवरच्या खोलीत नको.

१८. कार्डामागच्या पेटीत किलोभर वापरलेलं शिसं साठलंय. वितळवून घरीच नवे पेलेट पाडले तर पैसे वाचतील.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, गॅसवर सहज. म्हणूनच सांगतोय, करू नका. धूर आणि पूड स्वयंपाकघरात बसते आणि वर्षानुवर्षं राहते. आणि घरी पाडलेला पेलेट मॅच रायफलच्या नळीत काय करेल ते सातव्या प्रश्नावरून ओळखा. बंद डब्यात साठवा आणि रीतसर शिशाचं भंगार घेणाऱ्याला द्या. त्या पैशात गटाची कार्डं छापून होतात, आमची होतात.

१९. परदेशात लोक रिकामी काडतुसं घरी परत भरतात. माझ्याकडे १२ बोअरच्या बंदुकीचा परवाना आहे. प्रायमर (दारू पेटवणारी ठिणगीची टोपी), दारू, छर्रे थोडे थोडे मागवून मीही भरू शकतो ना?

नाही. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे, तिथे दुकानात पावडर पौंडावर आणि प्रायमर शंभराच्या पाकिटात मिळतात, म्हणून आपल्याकडच्या लोकांना वाटतं की ती खरेदीची गोष्ट आहे. आपल्याकडे ती कायद्याची गोष्ट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं येतात. बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. विनापरवाना बनवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. दारूला त्यावर स्फोटक कायदा वेगळा.

त्यामुळे यासाठी सुटं सामान कुठे मिळेल हे मला विचारू नका. काही शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयाची परवाना शाखा आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय आहे, तिथे लेखी विचारा.

२०. आणि ०.२२ ची काडतुसं? ती तरी वाटून घेऊ?

तीही नाही. ती ज्याच्या परवान्यावर घेतली त्याचीच. मित्राला दहा दिली तरी तो बेकायदा ताबा. भरायचा तर प्रश्नच येत नाही, त्यांचं प्रायमर बुडाच्या कडेत दाबलेलं असतं, एकदा उडालं की ते टरफल कामातून गेलं. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवल्यापासून याची चौकशी वाढलीय, चांगलं आहे. पण आधी दहा मीटर पक्कं करा.

२१. गटासाठी आणून वर थोडा नफा ठेवला तर?

खर्च वाटून घेणं आणि विकणं यात फरक आहे. बिल सगळ्यांना दाखवा, रेल्वेचं भाडं वाटून घ्या, इथपर्यंत कुणी काही म्हणत नाही. नफा ठेवला की ती दुकानदारी झाली, मग त्याचे नियम आणि नोंदी आल्या. आणि खरं सांगू, एवढ्याशा गावात दोन रुपये ठेवले की चार जण विचारणार, ‘किती रुपयाला पडलं बे ते?’

२२. डबी हातातून पडली, पाचशेच्या पाचशे फरशीवर. आता?

आधी कुत्रं-मांजर आणि रांगतं मूल खोलीबाहेर काढा. झाडूने गोळा करू नका, स्कर्टमध्ये कचरा अडकतो आणि पीळ घासतो. ओल्या फडक्याने गोळा करा, मग फडकं फेकून द्या. सावकाश वाळवून एकेक उजेडात बघा, नवव्या प्रश्नासारखं. फरशीवर पडलेल्यातले माझे दोनशेच्या वर वाचले होते, बाकीचे पेटीत. आणि पलंगाखाली नीट बघा. माझ्या घरी दिवाळीच्या साफसफाईत अजून निघतात.